लीबोविट्झ सामाजिक चिंता मापनी (तुर्की रूपांतर)

चारचौघांत बोलताना, खाताना, कोणी बघत असताना लिहिताना किती भीती वाटते आणि माणूस ते प्रसंग किती टाळतो, हे मोजायची 24 ओळींची प्रश्नावली. तिचं हे तुर्की रूप. मूळ मापनी न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ मायकल लीबोविट्झ यांची, 1987 ची. त्यात 13 प्रसंग लोकांसमोर काही करायचे, 11 लोकांत मिसळायचे. प्रत्येकाला भीतीचे 0 ते 3 आणि टाळण्याचे 0 ते 3, म्हणजे जास्तीत जास्त 144. आधी डॉक्टर विचारून भरायचे, पेशंटने स्वतः भरायचा फॉर्म नंतर आला.

तुर्कीत पहिलं रूपांतर कोणाचं यात थोडा घोळ आहे. नेसरिन दिलबाझ यांनी 2001 साली इस्तंबूलच्या राष्ट्रीय मानसोपचार परिषदेत याच्या विश्वसनीयतेवर निबंध वाचला आणि बरेच तुर्की अभ्यासक तोच दाखला देतात, तर सोयकान, देवरिमजी ओझग्युव्हेन आणि गेन्चोझ यांचा लेख 2003 मध्ये इंग्रजी जर्नलमध्ये आला. तारखेने दिलबाझ आधी, पण परिषदेतल्या निबंधापेक्षा छापलेला सविस्तर लेख तपासायला सोपा, म्हणून 2003 चा आधार धरणं जास्त बरं. मापनीची नावंही दोन चालतात: 'चिंता'साठी कोणी जुना तुर्की शब्द 'कायगी' घेतं, कोणी फ्रेंचमधून आलेला 'अन्क्सियेते'.

शब्द बदलणं त्या मानाने सोपं, प्रसंग बदलणं अवघड. मूळ फॉर्ममध्ये 'पार्टी देणे' अशी एक ओळ आहे. प्रचलित तुर्की प्रतीत तिथे 'घरी मिसाफिराची सरबराई करणे' आलंय. मिसाफिर म्हणजे पाहुणा, आपला मुसाफिर तोच शब्द, फक्त आपल्याकडे तो अजून रस्त्यातच आहे! ओळख काढून प्रेमसंबंध जुळवायचा प्रयत्न, ही ओळ तुर्कीत चांगली लांबलचक होते, पण तिथे सर्वनामाला लिंगच नसल्याने 'तो की ती' हा प्रश्न येत नाही. ओळी 'बोलणे', 'खाणे' अशा क्रियापदाच्या मूळ रूपात असल्याने 'तू की तुम्ही' हेही टळतं. 'पिणे' मात्र तुर्कीतही आपल्यासारखंच लबाड, चहा, दारू, सिगरेट सगळ्याला तोच शब्द, म्हणून तिथे 'काहीतरी पिणे' असं मोघम ठेवलंय.

गुणांकनात खरी गोम आहे. काही तुर्की प्रतींत 0 ते 3 ऐवजी 1 ते 4 गुण असतात, म्हणजे ज्याला कशाचीच भीती नाही त्याचेही 48 होतात आणि कमाल 192. इंग्रजी फॉर्मसाठी 30 आणि 60 या सीमा बऱ्याचदा वापरतात (30 च्या पुढे सामाजिक चिंता विकाराची शक्यता, 60 च्या पुढे बहुतेक सगळ्याच प्रसंगांत पसरलेला), त्या अशा प्रतीवर सरळ लावल्या तर सगळे आजारीच ठरतील! नुसतं गणित केलं तर त्या 78 आणि 108 होतात, पण तुर्की लोकांसाठी सीमा तिथेच पडते असं त्यावरून सिद्ध होत नाही, ती तिथल्या पेशंटवर वेगळी तपासावी लागते.

टेलिफोनच्या ओळीत अर्थच सरकलाय. मूळ प्रसंग चारचौघांत फोनवर बोलण्याचा, प्रचलित तुर्की प्रतीत तो 'सार्वजनिक फोन वापरणे' असा झाला. गेल्या आठवड्यात प्रसंग आला नसेल तर कल्पना करून गुण द्यायचे असा नियम आहे, त्यामुळे मोबाइल घेऊनच मोठा झालेला मुलगा या ओळीला आधी बूथची कल्पना करतो, मग भीतीची.