डोंबिवली स्टेशन आणि १२३४५६७८९८७६५४३२१

नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. उलटसुलट कशीही वाचली तरी तीच. बहुतेकांची नजर तिथेच थांबते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी तिच्यात आणखी एक गुण पाहिला.

मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे १२३४५६७८ उरतात, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्हींची बेरीज ९९९९९९९९. दोन टोकं एकत्र आली की मधलाच अंक ओळीने उभा राहतो! हाच गुण १६५ मध्ये आहे (१ + ५ = ६), २५५३ मध्ये आहे, ४७७७३ मध्येही आहे. १५ ला ११ ने, २३ ला १११ ने, ४३ ला ११११ ने गुणलं की या संख्या तयार होतात. मला ही नजर फार मोलाची वाटते, कारण तिने एका सुट्या गमतीचं अख्खं कुळ शोधून काढलं.

कापरेकर १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ या संख्येमुळे आज त्यांचं नाव जगभर घेतलं जातं (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येते). या कुळाला मात्र त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर (आजची मध्य रेल्वे), मुंबईपासून ३० मैलांवर असलेल्या ज्या स्टेशनवर ही कल्पना सुचली, त्याचं नाव दिलं: डेमलो, म्हणजे आजचं डोंबिवली. १९३९ मध्ये गुंजीकर आणि कापरेकर यांचा डेमलो संख्यांवरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला.

आता संख्या अशी चढत जाऊन का उतरते, ते चौकटीच्या वहीवर लगेच कळतं. गुणाकार मांडला की १११११११११ च्या नऊ ओळी पडतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या उभ्या रांगेत एकच १, दुसरीत दोन, मधल्या रांगेत नऊ, पुढे पुन्हा कमी. कुठेच हातचा येत नाही. दहा वेळा १ घेतला की मधल्या रांगेत दहा होतात, हातचा सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं. आरसा फुटला.

या घराण्यातली धाकटी संख्या मात्र फार जुनी आहे. इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणायला सांगून १२३४५६५४३२१ मिळवलेली आहे. अशा गुणाकारांना त्यांनी गळ्यातल्या हाराची उपमा दिली. यातला ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा, आणि २१ × ५२९१ म्हणजे सहा वेळा १.

आपल्या सतरा अंकी संख्येचाही तसाच हार ओवता येतो. नऊ वेळा १ म्हणजे ३३३ × ३३३६६७. दोन्हींचे वर्ग घ्या आणि कागदावर गुणून पाहा: ११०८८९ × १११३३३६६६८८९.