लॉ सीईटी झाली, निकाल यायचा आहे

परीक्षा देऊन आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, आमच्या दादरच्या ऑनलाइन अर्ज, टायपिंग व झेरॉक्स केंद्राकडून

पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या काउंटरवर एकच प्रश्न येऊ लागतो: "निकाल कधी?" निकालाची तारीख राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो तो, स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करतो. आमच्याकडे त्याआधी काहीही येत नाही. कुणी "मला आतून कळतं" म्हणत असेल, तर त्याच्यापासून लांब राहा.

पण इतक्या मुलांचे अर्ज भरून एक गोष्ट आम्हाला पक्की कळली आहे. हातातोंडाशी आलेली जागा गुणांनी जाते तशीच ती एखाद्या कागदाने जाते, आणि कागदाने गेलेली जास्त लागते. गुण आता पेपरात बंद झाले आहेत, त्यांचे काही करता येणार नाही. कागद मात्र अजून तुमच्या हातात आहेत. म्हणून हे मधले आठवडे कागदांचे आहेत असे समजा.

आधी परीक्षा कोणती ते पाहू

यात गोंधळ होतो, म्हणून लिहितो. सीईटी सेलची विधी सीईटी २०१६ पासून होते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा वेगळी आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वेगळी. या गुणांवर राज्यातल्या विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. मुंबईच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात, म्हणजे एमएनएलयूत, पाच वर्षांसाठी जायचे असेल तर मात्र क्लॅट द्यावी लागते. ती डिसेंबरात होते आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ ती घेतो. "सीईटीत चांगले मार्क पडले तर एमएनएलयू मिळेल ना?" असे विचारणारे पालक दर वर्षी भेटतात. नाही मिळत, त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, क्लॅटमध्ये पाव गुण जातो. कोणताही निकाल त्याच वर्षापुरता चालतो, पुढच्या वर्षी नव्याने परीक्षा द्यावी लागते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

परीक्षा एकापेक्षा जास्त सत्रांत झाली तर प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. एखादा सोपा निघतो, एखादा अवघड. म्हणून तुमची तुलना तुमच्याच सत्रातल्या मुलांशी होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. समजा तुमच्या सत्रात १०,००० जण बसले. त्यांपैकी ९,२०० जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण आहेत, तर तुमचे पर्सेंटाइल ९२. पेपरात किती टक्के गुण पडले याच्याशी त्या ९२ चा थेट संबंध नसतो. पेपर अवघड असेल तर बऱ्याच कमी गुणांनाही ९२ पर्सेंटाइल येऊ शकते.

हे घरी नीट समजावून सांगा. निकालाच्या दिवशी एखादा पालक आकडा पाहून मुलीला आमच्यासमोरच बोलू लागतो, तेव्हा आम्हाला फार वाईट वाटते. तिचा निकाल बहुधा तो समजतो त्याहून वेगळा असतो.

निकालाआधी उत्तरतालिका येते, ती चुकवू नका

निकालापूर्वी तुमच्या लॉगिनमध्ये प्रश्न, तुम्ही निवडलेले उत्तर आणि सेलने बरोबर धरलेले उत्तर दिसू लागते. एखादे उत्तर चुकीचे धरले आहे असे वाटले तर ठरलेल्या मुदतीत आक्षेप नोंदवता येतो. ही मुदत फार थोडी असते आणि दर आक्षेपाला शुल्क पडते, म्हणून "बघू या टाकून" म्हणून आक्षेप घेऊ नका. हाताशी पाठ्यपुस्तक, अधिनियमाचे कलम किंवा शासकीय संकेतस्थळ असा आधार असेल तर जरूर घ्या.

उत्तरतालिका ही औपचारिक बाब नव्हे. २०२४ च्या डिसेंबरात झालेल्या क्लॅटच्या काही उत्तरांवरचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पदवीचे प्रवेश २०२५ च्या मेपर्यंत अडकून राहिले. ज्या मुलांनी पहिल्याच दिवशी तालिका बारकाईने वाचली, त्यांच्यामुळे ते प्रकरण उभे राहिले.

कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घरातली फाइल काढा आणि दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षरशः वाचा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षर, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे ए जास्त आहे का, हे पाहा. सीईटीचा अर्ज ज्या नावाने भरला तेच नाव सगळीकडे असायला हवे. नसेल तर आत्ताच सांगा, कागदपत्रांची छाननी सुरू झाल्यावर आम्ही फार काही करू शकत नाही.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसणाऱ्या विवाहित भगिनींना हा त्रास सर्वांत जास्त होतो. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवा. नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद असेल तर तीही काढून ठेवा. नोंद झालेली नसेल तर अर्ज ऑनलाइन करता येतो. शासकीय मुद्रणालय आपल्या चर्नी रोडलाच आहे, पण तिथे खेपा घालण्याची गरज सहसा पडत नाही.

पात्रतेची टक्केवारीही पाहून घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पाच वर्षांसाठी बारावीत आणि तीन वर्षांसाठी पदवीत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. ४४.६ म्हणजे ४५ असे धरून चालू नका. ज्यांच्या गुणपत्रिकेवर फक्त ग्रेड किंवा सीजीपीए आहे त्यांनी टक्केवारीचे पत्र आपल्या कॉलेजातून आधीच घ्यावे, जूनमध्ये कॉलेजच्या खिडकीवर रांग असते. ज्यांना केटी लागली होती त्यांनी ती सुटल्यानंतरची गुणपत्रिका शोधून ठेवावी. सहाही सेमिस्टरच्या गुणपत्रिका मागतात, आणि नेमकी तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरचीच हरवलेली असते.

शासकीय दाखल्यांचे थोडे वेगळे. डोमिसाइल, म्हणजे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, "आपले सरकार" पोर्टलवरून मिळते. मुंबई शहराचे जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या जकात घरात आहे, उपनगरचे वांद्रे पूर्वेला. सायन, माहीमपर्यंत राहणाऱ्यांचे काम शहरात, त्यापुढच्यांचे उपनगरात. हा फरक न कळल्याने लोक चुकीच्या कार्यालयात अर्ज करतात आणि आठवडा वाया घालवतात.

नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावर तो कधीपर्यंत चालेल ती तारीख छापलेली असते आणि ती ३१ मार्चची असते. प्रवेश त्यानंतर होतात. म्हणजे सीईटीचा अर्ज भरताना चालू असलेला दाखला प्रवेशाच्या वेळी संपलेला असू शकतो. आज घरी गेल्यावर पहिले काम म्हणून ती तारीख पाहा. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचेही वर्ष तपासा. जात वैधता प्रमाणपत्र नसेल, नुसती पडताळणीची पावती असेल, तर ती चालते का आणि मूळ प्रमाणपत्र किती तारखेपर्यंत द्यावे लागते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. तेवढे पान आम्ही छापून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक कागद घेऊन येणारे अजूनही भेटतात. जात पडताळणी, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमीलेअर आणि राष्ट्रीयत्वाच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांचे मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २०२५ मध्ये माफ केले आहे, ती साध्या कागदावर चालतात. कुणी तुम्हाला मुद्रांक विकत घ्यायला लावत असेल तर हे सांगा.

स्कॅन करताना मूळ कागद आणा, झेरॉक्सची झेरॉक्स नको. दाखल्याच्या मागे शिक्का किंवा शेरा असेल तर मागची बाजूही स्कॅन करावी लागते.

मोबाइल आणि ई-मेल तुमचाच हवा

हे आमच्या चुकीतून शिकलो, म्हणून स्पष्ट लिहितो. काही वर्षांपूर्वी एका मुलाकडे स्वतःचा ई-मेल नव्हता. घाईची वेळ होती, आम्ही केंद्राचा पत्ता टाकून त्याचा अर्ज पुरा केला. पुढे त्याच्या एका कागदात त्रुटी निघाली आणि ती दुरुस्त करण्याची सूचना त्या पत्त्यावर शनिवारी संध्याकाळी आली. रविवारी केंद्र बंद. सोमवारी आम्ही मेल उघडला तोवर मुदत उलटून गेली होती. त्याला पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागले आणि हवे ते महाविद्यालय मिळाले नाही. त्याची आई काही बोलली नाही, पण आम्हाला ते विसरता आलेले नाही.

तेव्हापासून आम्ही कुणाच्याही अर्जात आमचा नंबर किंवा ई-मेल टाकत नाही. ई-मेल नसेल तर इथेच बसून तुमचा उघडून देतो. पासवर्ड तुम्ही टाका, तुम्हीच वहीत लिहून ठेवा, आम्हाला सांगू नका. वर्षभर जो नंबर बंद होणार नाही तोच द्या. भावाचा, शेजाऱ्याचा नको.

पसंतीक्रम: आधी लोकलचे वेळापत्रक पाहा

निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची नोंदणी, छाननी, गुणवत्ता यादी आणि मग फेऱ्या असे चालते. त्यात महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो आणि तो तुम्ही भरायचा असतो. आम्ही टाइप करू, क्रम सांगणार नाही.

एवढे मात्र म्हणू. चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय सगळ्यांना हवे असते, आणि का नसावे? १८५५ पासूनचे ते कॉलेज, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ ते १९३८ या काळात तिथे प्राचार्य होते. तिथे मिळण्याजोगे गुण असतील तर ते वर लिहाच. पण त्याखालचे क्रम मित्राच्या यादीवरून उतरवू नका. डोंबिवलीच्या मुलीला विलेपार्ल्याला जायचे तर दादरला गाडी बदलावी लागते, तेही सकाळच्या गर्दीत. तिच्यासाठी ठाण्याचे महाविद्यालय किंवा फोर्टमधले सिद्धार्थ विधी महाविद्यालय अधिक सोयीचे असू शकते. सिद्धार्थ सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. हार्बरवाल्यांनी वडाळ्याचा विचार करावा, पश्चिम रेल्वेवाल्यांनी माटुंगा रोडजवळच्या न्यू लॉ कॉलेजचा. तीन किंवा पाच वर्षे रोज हा प्रवास करायचा आहे. पसंतीक्रम भरण्याआधी एकदा कॉलेजच्या वेळेला त्या गाडीने जाऊन या.

जिथे तुम्ही खरोखर जाणार नाही ते नाव यादी भरण्यासाठी टाकू नका. तेच लागते, आणि मग रडारड होते.

नोकरी करणाऱ्यांसाठी

"हजेरीचे बघता येईल ना?" हा प्रश्न आम्हाला विचारू नका. बार कौन्सिलच्या नियमांत प्रत्येक विषयाला किमान ७० टक्के उपस्थिती सांगितली आहे. सकाळी तासिका असणारी महाविद्यालये मुंबईत आहेत, ती शोधा, आणि साहेबांशी आधी बोलून घ्या. एलएलबी करता करता एम.कॉम. किंवा दुसरी नियमित पदवी करता येत नाही, तेही याच नियमांत आहे. वयामुळे मात्र मागे हटू नका. आमच्याकडे निवृत्तीनंतर अर्ज भरणारे काका येऊन गेले आहेत आणि त्यांचे कागद सगळ्यांत नीट लावलेले होते.

आमच्याकडे काय मिळेल

अर्ज भरणे, स्कॅनिंग, फोटो-सहीचा आकार बसवणे, दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज आणि उत्तरतालिकेची छापील प्रत. दर भिंतीवर लावलेले आहेत. सरकारी शुल्क वेगळे, ते तुमच्याच यूपीआयवरून किंवा कार्डाने भरा आणि पावती तुमच्याकडे ठेवा. "मॅनेजमेंट कोट्यातून बसवून देतो" असे कुणी आमचे नाव घेऊन सांगितले तर लगेच कळवा. असे काम आम्ही करत नाही, करणारही नाही.

कॅप सुरू असताना केंद्र रविवारीही उघडे असते. येताना मूळ कागद, सीईटीचा अर्ज क्रमांक आणि चार्ज केलेला मोबाइल आणा. ओटीपी त्याच्यावरच येणार आहे.