व्यायामशाळा, लहान : सुरक्षितता व मनुष्यबळ मानके

व्यायाम करणाऱ्यांना इजा होऊ नये आणि झालीच तर वेळेत मदत मिळावी, यासाठी जागा, साधने व देखरेख करणारी माणसे यांबाबत ठरवलेल्या किमान अपेक्षा. ‘लहान’ या शब्दाचा अर्थ नियमागणिक बदलतो : कुठे सभासद मोजतात, कुठे एका वेळी जमणारी माणसे, कुठे पगारी कामगार. या नोंदीत एका पाळीला एक-दोन प्रशिक्षकांवर चालणारी, बहुधा मालकच प्रशिक्षक असलेली व्यायामशाळा अभिप्रेत आहे.

महाराष्ट्रापुरता या विषयाचा आरंभ यंत्रांच्या जिमपासून न धरता तालमीपासून धरणे अधिक योग्य. तालीम हा मूळ अरबी शब्द शिक्षण या अर्थाचा. मराठीत तो आधी शिकवण्याच्या क्रियेला व नंतर जागेला लागला असावा. ‘नाटकाची तालीम’ या प्रयोगात पहिला अर्थ अजून टिकून आहे. कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग यांसारख्या तालमींत लेखी नियमावलीची जागा वस्तादाने घेतलेली असते. वय, वजन व तयारी पाहून कोणाची जोड कोणाशी लावायची हे तो ठरवतो आणि लढत त्याच्या नजरेखाली होते. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, तांबडी माती खणून भुसभुशीत ठेवतात. तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. हळदीमुळे त्वचेचे विकार टळतात ही समजूत जुनी आहे. माती मऊ राहिल्याने पडण्याचा आघात कमी होतो, एवढे तरी निर्विवाद. जमीन आणि जाणता माणूस या दोन गोष्टी इथे सांभाळल्या जात; पुढच्या लेखी मानकांचा बराचसा भागही याच दोहोंभोवती फिरतो.

लेखी मानकांची वाढ मुख्यतः अमेरिकेत झाली. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने व्यायामकेंद्रांची मानके १९९२ मध्ये पुस्तकरूपाने काढली. त्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती २०१८ ची. १९९८ मध्ये याच संस्थेने अमेरिकन हार्ट असोसिएशनसह हृदयतपासणी, कर्मचारी व आणीबाणीची व्यवस्था यांवर संयुक्त शिफारशी केल्या.

एका प्रशिक्षकामागे किती जण, या प्रश्नाला नेहमी उद्धृत होणारे उत्तर नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन या अमेरिकेतील प्रशिक्षकांच्या संघटनेचे आहे : लहान वयाच्या शाळकरी मुलांसाठी १० जणांमागे एक, माध्यमिक शाळेत १५ जणांमागे एक, महाविद्यालयीन व त्यापुढील खेळाडूंसाठी २० जणांमागे एक. ही प्रमाणे शाळा-महाविद्यालयांच्या वजनकक्षांसाठी होती. तिथे गट एकत्र येतो, एकच कार्यक्रम करतो आणि प्रशिक्षक सर्वांचा असतो. गल्लीतल्या जिममध्ये सकाळी सहाच्या गर्दीत साठीचे गृहस्थ, दहावीचा मुलगा आणि स्पर्धेची तयारी करणारा एकाच वेळी असतात. शिवाय एकुलता प्रशिक्षक तासाचे वेगळे पैसे भरलेल्या एखाद्याच्या ‘पर्सनल ट्रेनिंग’मध्ये गुंतलेला असेल, तर कागदावर २० मागे एक असलेले प्रमाण प्रत्यक्षात १९ मागे शून्य होते. त्यामुळे वैयक्तिक शिकवणीतील प्रशिक्षक देखरेखीच्या मोजणीतून वगळावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणे झोपून बार वर ढकलताना, मागे उभे राहून सपोर्ट देणारा माणूस हाही याच हिशेबात येतो. तो नसेल तर रॅकला आडवे सुरक्षादांडे हवेत. नाहीतर न पेललेला बार गळ्यावर येतो.

दुसरा वाद एईडीचा, म्हणजे हृदयाची बिघडलेली लय विजेच्या झटक्याने सावरणाऱ्या स्वयंचलित यंत्राचा. झटक्याला उशीर होईल त्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. अमेरिकेतील कॅसिनोंमध्ये केलेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांपैकी ७४ टक्के जगले. त्याहून उशिरा मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. असे असूनही वरील दोन अमेरिकी संस्थांच्या २००२ च्या संयुक्त निवेदनात यंत्र ठेवण्याचा विशेष आग्रह २,५०० हून अधिक सभासदांच्या मोठ्या केंद्रांबाबत होता. पुढे राज्यांनी आपापल्या रेषा आखल्या : न्यूयॉर्कने ५०० सभासद, इलिनॉयने १०० व्यक्तींना सेवा देणारे केंद्र, कॅलिफोर्नियाने २००७ पासून सभासदसंख्येची अट न घालता. मोठ्या केंद्रात घटना घडण्याची संभाव्यता जास्त, हा रेषेमागचा युक्तिवाद संख्याशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. पण लहान केंद्रात छातीवर दाब देणारा आणि फोन करणारा एकच माणूस असतो, याचा विचार त्यात होत नाही. दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा, न थांबता द्यायचे असतात; त्याच वेळी १०८ ला कळवणे आणि रुग्णवाहिकेसाठी फाटक उघडणे त्या एकट्याला जमणारे नाही. कर्मचारी नसताना कार्ड दाखवून चोवीस तास उघडणाऱ्या केंद्रांबाबत हा आक्षेप अधिकच लागू पडतो.

साधनांबाबत आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची २०९५७ ही मानकमाला महत्त्वाची. तीत ‘एस’ वर्गातील यंत्रे संस्था व व्यावसायिक वापरासाठी, ‘एच’ वर्गातील घरगुती. लहान जिममध्ये पैसे वाचवण्यासाठी घरगुती वर्गाची ट्रेडमिल दिवसभर चालवली जाते; तिचा पट्टा व मोटर त्या वापरासाठी बनवलेली नसतात. ट्रेडमिलच्या मागे सुमारे २ मीटर जागा मोकळी हवी. भाड्याच्या गाळ्यात ती बहुधा भिंतीला पाठ करून उभी असते. गर्दीच्या हिशेबात अमेरिकी अग्निसुरक्षा संहिता यंत्रे असलेल्या व्यायामकक्षात माणशी ५० चौ. फुट (सुमारे ४.६ चौ. मी.) धरते. भारतात करोनाकाळात, ऑगस्ट २०२० मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणशी ४ चौ. मी. व यंत्रांत ६ फुटांचे अंतर सांगितले. ते संसर्ग टाळण्यासाठी होते. महाराष्ट्रातील जिम त्या वर्षी दसऱ्याला उघडल्या.

प्रवेशापूर्वीच्या तपासणीसाठी १९७० च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात तयार झालेल्या प्रश्नावलीच्या आवृत्त्या जगभर वापरतात. तिच्या सात प्रश्नांच्या रूपात छातीत दुखणे, चक्कर येणे, रक्तदाबाची औषधे इत्यादींची विचारणा असते.

भारतात लहान जिम अनेक नियमांच्या उंबरठ्याखाली राहते. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) व्यायामशाळांना जनसमूहाच्या इमारतींत धरते, पण ५० किंवा अधिक माणसे जमत असतील तर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने नोंदणीची मूळ मर्यादा १० कामगार ठेवली. त्याखाली केवळ सूचना पुरते. प्रशिक्षकासाठी क्रीडा व फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा राष्ट्रीय कौशल्य चौकटीतील अभ्यासक्रम आहे, मात्र डॉक्टर वा परिचारिकेसारखी सक्तीची व्यवसाय-नोंदणी नाही. काउंटरवर प्रोटीनचे डबे विकायचे असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना लागतो.