भिक्षू-चित्रकार आणि पेशेवर चित्रकार: शाई एकच, संसार वेगळा

मुरोमाची काळातलं (साधारण चौदावं ते सोळावं शतक) काळ्या शाईचं जपानी चित्र दिसलं, की झेन या बौद्ध पंथाच्या भिक्षूने ध्यानाच्या तंद्रीत काढलेलं असणार, असं आपण गृहीत धरतो. मला हे खटकतं. पोटासाठी चित्रं काढणारी माणसं त्यात पुसली जातात आणि भिक्षूंच्या पाठीशी उभा असलेला पैसाही.

क्योतोच्या शोकोकुजी या झेन मठातल्या जोसेत्सू या भिक्षूचं चित्र घ्या. नदीकाठी एक फाटका माणूस हातात गुळगुळीत भोपळा धरून उभा आहे आणि समोर पाण्यात बुळबुळीत मांजरमासा. निसरड्या भोपळ्याने निसरडा मासा पकडायचा कसा? या कोड्यावर 31 भिक्षूंनी कविता केल्या, त्या चित्राच्या वरच्या भागात आहेत. झेन म्हणजे हेच, असं वाटतं ना? पण हे चित्र काढवून घेतलं शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमोची याने. त्याच मठातला भिक्षू-चित्रकार शूबुन हिशेब-व्यवहाराचं काम बघायचा आणि चित्रांसाठी त्याला शोगुनकडून तनखा मिळायचा. म्हणजे भिक्षू असला तरी पगारी.

मग फरक कुठे पडतो? विद्या पुढे कुणाकडे जाते, तिथे. सेश्शू या भिक्षू-चित्रकाराने 1495 साली शाई शिंपडल्यासारखं एक निसर्गचित्र काढलं आणि निरोप घेणाऱ्या सोएन नावाच्या शिष्याला दिलं. वर स्वहस्ते मजकूर लिहिला: आपण चीनला गेलो होतो, आपले गुरू जोसेत्सू आणि शूबुन. पोरानातवंडांचा प्रश्नच नाही. गुरूचं नाव हीच वंशावळ.

पेशेवर चित्रकाराचं मात्र घराणं असतं. शूबुननंतर शोगुनचा चित्रकार झाला सोतान, तोही भिक्षूच. त्याच्यानंतर, 1481 च्या सुमारास, ती जागा कानो मासानोबूला मिळाली. हा संसारी माणूस. दरबारातली जागा तीच राहिली, बसणारा बदलला. गोंधळ होतो तो इथेच. त्याचा मुलगा मोतोनोबू याने तर कारखानाच उभा केला. सुलेखनातल्या रेखीव, मध्यम आणि मोकळ्या अशा तीन वळणांवरून त्याने चित्रांच्या तीन पद्धती ठरवल्या. गिऱ्हाइकाने वळण सांगावं, हाताखालच्या माणसांनी ते उतरवावं आणि दर्जा घसरू नये, अशी ती सोय. यात कलेचा ऱ्हास पाहणारे आहेत, मला ते पटत नाही. दालनंच्या दालनं भरणारी चित्रं एकट्याच्या हातून कशी व्हावीत? पंख्यांवरच्या चित्रांचा हक्क राखण्यासाठी 1539 साली मोतोनोबूने शोगुनशाहीकडे अर्जही केला होता. व्यवसाय पक्का होता.

क्योतोतल्या दाइसेन-इन या झेन मठाचं मुख्य दालन 1513 साली बांधलं गेलं, तेव्हा तिथल्या सरकत्या दारांवर फुलं-पाखरं रंगवायचं काम मोतोनोबूला मिळालं. मठ झेनचा, चित्रकार संसारी आणि त्याचं घराणं निचिरेन या वेगळ्या बौद्ध पंथाचं.