घर कारखान्यात घडलं, तर सडा वाचेल का?

गोव्यातल्या पर्वरी-सुकूरचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, पाहून नवख्या माणसाला वाटतं, इथे आहे काय? करपलेलं गवत, काळपट कातळ, एखादी बंद पडलेली चिरेखाण. अशा जागेला कागदावर 'पडीक' ठरवायला फारसे कष्ट पडत नाहीत. पण जांभा हा भोकाभोकांचा दगड. पावसाचं पाणी त्यातून खाली उतरतं, तळच्या चिकणमातीच्या थरावर अडतं, तिथून आडवं सरकतं आणि उताराच्या पायथ्याला झर होऊन बाहेर येतं. पणजीत आल्तिनो टेकडीखालची मळा वस्तीतली झर याच हिशेबाने वाहते. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एका हेक्टरवर ३ कोटी लिटर पाणी. तो हेक्टर काँक्रीट आणि पेव्हरनी झाकला, की यातलं बहुतेक पाणी थेट गटाराची वाट धरतं, आणि खालच्या वाड्यावरच्या विहिरी उन्हाळा येण्याआधीच तळ दाखवू लागतात.

गोव्याचं क्षेत्रफळ अवघं ३७०२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत इथले सुमारे ६२ टक्के लोक शहरी भागात राहत होते. देशातल्या राज्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. मात्र हे शहर चढत नाही, पसरतं. त्याच जनगणनेत साधारण पाचातलं एक घर रिकामं सापडलं. घर मिळत नाही म्हणून गोंयकार रडतो आणि शेजारी कुलूप लावलेला बंगला सुट्टीची वाट पाहतो, हे चित्र कुणाला सांगायला नको.

आता हिशेब करू. ४०० कुटुंबांना प्रत्येकी ५०० चौरस मीटरचा प्लॉट दिला, तर नुसत्या प्लॉटांनाच २० हेक्टर लागतात. रस्ते, वीज, नळ आणि कचऱ्याची गाडी यांचा पसारा वेगळा. याउलट, मूळचे गोमंतकीय असलेले आणि पणजीची कला अकादमी उभारणारे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरला जी वसाहत रचली, तिथे हेक्टरी सुमारे ५०० माणसं बसतात. तीही टॉवर न बांधता. बुटकी घरं, छोट्या सामाईक अंगणाभोवती मांडलेली, आणि पैसे येतील तशी वाढवता येणारी. कुटुंबात चार माणसं धरली, तर याच दाटीने आपली ४०० कुटुंबं सव्वातीन हेक्टरांत मावतात.

मॉड्यूलर घरांचं स्वप्न इथून सुरू होतं. आख्खी खोली कारखान्यात बनवायची. वायरिंग, नळ, फरशी, खिडक्या सगळं आत बसवूनच. मग ट्रकवरून आणायची, क्रेनने उचलायची आणि एकावर एक रचायची. जागेवर पाया ओतला जात असताना तिकडे खोल्या तयार होत असतात, म्हणून वेळ वाचतो. पावसाळ्याचे चार महिने काम रखडणाऱ्या गोव्यात हा मुद्दा बिल्डरला चटकन पटेल.

या स्वप्नाचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे कॅनडातल्या माँट्रियलचं 'हॅबिटॅट ६७'. विद्यार्थी असताना प्रबंधात मांडलेली कल्पना मोशे साफ्दी यांनी १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी प्रत्यक्षात आणली. काँक्रीटचे ३५४ ठोकळे मागेपुढे सरकवून रचले आणि त्यांतून १५८ घरं उभी राहिली. खालच्या घराचं छप्पर ती वरच्या घराची बाग. शहराच्या दाटीत राहायचं आणि तरी अंगण सोडायचं नाही, ही कल्पना आजही जुनी वाटत नाही. पण मूळ बेत याहून कितीतरी मोठा होता. तो छाटला गेला, आणि एवढ्याशा घरांसाठी कारखाना उभारल्यामुळे एकेक घर भयंकर महाग पडलं. कारखाना परवडतो तो संख्येवर; दीडशे घरांवर नाही.

टोकियोच्या नाकागिन टॉवरचा धडा मला जास्त मोलाचा वाटतो. किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये दोन काँक्रीटच्या मनोऱ्यांना १४० कॅप्सूल, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या एकेक खोलीची घरं, बोल्टने टांगल्या. बेत असा, की पंचवीसेक वर्षांनी कॅप्सूल जुनी झाली की काढायची, नवी लावायची. पन्नास वर्षांत एकही बदलली गेली नाही. खालची काढायची तर वरच्या आधी हलवाव्या लागत, आणि प्रत्येक कॅप्सूलचा मालक वेगळा. हाउसिंग सोसायटीच्या एका तरी सभेला बसलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. २०२२ मध्ये इमारत पाडली.

आपल्याकडेही हे नवं नाही. फाळणीनंतर निर्वासितांसाठी दिल्लीत सरकारी कारखाना काढून तयार भिंतींची घरं करायचा प्रयत्न झाला. पॅनेलना तडे गेले आणि बेत गुंडाळावा लागला. अलीकडे केंद्राच्या 'लाइट हाउस' प्रकल्पात रांचीला अख्ख्या काँक्रीट खोल्या रचून १००८ घरं बांधण्याचं काम घेतलं गेलं. सिंगापूरने तर २०१९ मध्ये याच पद्धतीने ४० मजले गाठले.

मग गोव्यात अडतं कुठे? सांध्यात.

दोन खोल्या शेजारी ठेवल्या, की मध्ये फट राहते. ती सिलिकॉनने बुजवली म्हणजे झालं, असं वाटतं. पण पोलादी छप्पर पहाटे २५ अंशांवर असेल आणि दुपारच्या उन्हात ६५ वर गेलं, तर १२ मीटर लांबीची खोली जवळजवळ ६ मिलिमीटर वाढते. संध्याकाळी सर आली की तासाभरात पुन्हा आक्रसते. रोज असा हेलकावा खाणारं सीलंट किती वर्षं चिकटून राहील? त्यात मिरगाचा वारा. ताशी ६० किलोमीटरने वारा भिंतीवर आदळला, की सुमारे १७० पास्कल दाब तयार होतो. हा दाब पाण्याला १७ मिलिमीटर वर उचलू शकतो. म्हणजे फटीत पाणी नुसतं खाली ओघळत नाही, वाऱ्याच्या जोरावर ते वरही चढतं. सांध्यातली पोलादी कड दीड सेंटिमीटरच उंच ठेवली असेल, तर पाणी ती ओलांडून आत येणार. मिस्त्रीने कितीही चांगला माल वापरला तरी येणार.

यावरचा उपाय फट घट्ट बुजवण्यात नाही, दोन पापुद्रे ठेवण्यात आहे. बाहेरचा पापुद्रा पाऊस झेलतो. त्यामागे हवेची पोकळी असते आणि ती बाहेरच्या हवेला मुद्दाम खुली ठेवतात. पोकळीत आणि बाहेर दाब सारखाच राहिला, की पाण्याला आत ढकलणारं बळच उरत नाही. जे थेंब शिरतात ते पोकळीतून खाली उतरून बाहेर पडतात. खरी भिंत मागे कोरडी राहते. छपरालाही हेच लागू: पोलादी किंवा काँक्रीटच्या माथ्यावर हातभर अंतर सोडून मंगळुरी कौलांचं दुसरं छप्पर घातलं, की ऊन आणि पाऊस दोन्ही वरच्यावर अडतात. इथे दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नाही, हवा दमट. त्यामुळे जाड भिंतीपेक्षा सावली आणि खेळती हवा जास्त कामाची. जुन्या गोमंतकीय घरातला सोपा (पडवी), राजांगण (मधलं अंगण), पुढे आलेली वळचण यांची कामगिरी हीच. मॉड्यूलर घराने हे उचललं नाही, तर मे महिन्यात ते फक्त एसीच्या बिलावर जगेल.

म्हणूनच जुन्या शिपिंग कंटेनरांच्या 'इको' घरांबद्दल मला फारसं प्रेम नाही. कंटेनर आतून जेमतेम २.३५ मीटर रुंद. पत्रा दोनेक मिलिमीटरचा, खारी हवा त्याला चाटायला टपलेली. खिडकीसाठी बाजू कापली की ताकद कमी होते, मग वेगळं पोलाद जोडा. एवढं करून चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधायची म्हटली, तर गणपतीसमोर आरतीला चार माणसं धड उभी राहत नाहीत. किनाऱ्यावरच्या कॅफेला कंटेनर शोभतो. घराचं काम त्याला जमत नाही.

रुंदीचा प्रश्न रस्त्यावरही येतो. आपल्या मोटार वाहन नियमांनुसार गाडीची रुंदी साधारण २.६ मीटरपर्यंत, त्याहून मोठ्या ओझ्याला खास परवानगी लागते. साफ्दींचे ठोकळे सव्वापाच मीटर रुंद होते, पण ते जागेवरच उभारलेल्या कारखान्यात ओतले होते. दोन्हीकडे चिऱ्यांचं कुंपण, वर लोंबणाऱ्या वीजतारा आणि वळणावर पिंपळाचा पार, अशा वाड्यावरच्या वाटेने सव्वापाच मीटरची खोली नेऊन दाखवा. इथे अख्ख्या खोलीऐवजी सपाट भिंती आणि तक्तपोशी ट्रकवरून आणून जागेवर जोडणं शहाणपणाचं. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, जिथे नळ आणि गटाराची गुंतागुंत जास्त, तेवढंच कारखान्यातून पुरं बनवून आणावं.

पण खोली कशीही बनली, तरी ती ठेवायची कुठे हा प्रश्न कारखाना सोडवत नाही. तीच झटपट घरं सड्यावर एकेकटी विखुरली, तर सडा आणखी लवकर संपेल. आज बंगला बांधायला दोन वर्षं लागतात, हाच थोडाफार ब्रेक आहे, तोही जाईल. टाउन प्लॅनिंग खात्याने जमिनीचे झोन बदलत राहायचं आणि तंत्रज्ञानाने जमीन वाचवायची, हे एकत्र होणारं काम नाही.

जिथे रस्ता, मलनिस्सारण वाहिनी आणि बसथांबा आधीच आहे, तिथेच या पद्धतीला अर्थ. पणजी, मडगाव, वास्को, फोंड्यात जुनी सरकारी क्वार्टर्स आहेत, पर्वरीत गृहनिर्माण मंडळाची वसाहत आहे. त्यांतल्या मोडकळीला आलेल्या इमारतींच्या जागी तीन-चार मजल्यांची, गच्चीत अंगण देणारी रचना टप्प्याटप्प्याने बसवता येईल. एका इमारतीतली माणसं वर्षभर नव्हे, काही महिनेच दुसरीकडे हलवावी लागतील. जमीन सरकारकडेच राहिली आणि खोल्या भाड्याने दिल्या, तर नाकागिनसारखी मालकीची गाठही पडणार नाही.

मात्र शंभर खोल्यांचं टेंडर काढण्याआधी सार्वजनिक बांधकाम खात्याने सांध्यासकट दोनच खोल्या जोडून दोनापावल्याच्या खाऱ्या वाऱ्यात, मोकळ्यावर ठेवाव्यात. दोन पावसाळे जाऊ द्यावेत. मग भिंतीचा आतला पत्रा उचकटून गंज किती, बुरशी किती ते मोजावं, आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत.