हात न लागलेला घोडा घरी आणल्यावर

जवळ गेलं की मागे सरतो, मोहरकी (तोंडावर घालायची दोरी) दिसली की मान उंच करतो, खुराला हात लावू देत नाही. अशा घोड्याला विकणारा ‘तापट’ म्हणतो. आमच्याकडे शिकायला येणारे बहुतेक घोडे तापट नसतात, घाबरलेले असतात. म्हणून मारायचं नाही, ही आमची पहिली अट. ती तुमच्या घरच्यांनाही लागू आहे.

अमेरिकेतले मोकाट मस्टँगही मुळात स्पॅनिश लोकांनी नेलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज. १९७१ पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि पकडलेले काही घोडे लोकांना पाळायला दिले जातात. त्यांना माणसाळवताना जे करतात, तेच गोव्यात पेडण्यातल्या भाटात (बागेत) बांधलेल्या शिंगरालाही लागू पडतं, कारण पळून जीव वाचवणं हा दोघांचाही स्वभाव.

घोडा शिकतो ते दोरी सैल पडते त्या क्षणी. दोरीवर हलका ताण द्या आणि थांबा. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, नुसतं अंग जरी पुढे झुकवलं, तरी ताण लगेच सोडा. उशीर झाला तर त्याला काय बरोबर केलं ते कळत नाही. तो मागे खेचत असताना सोडलंत, तर खेचायलाच शिकवलंत! जवळ जाण्याचंही तसंच. तो बुजायच्या आत थांबा, तो शांत झाला की तुम्ही मागे फिरा. पहिले काही दिवस एवढंच झालं तरी पुष्कळ.

कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने जा. आधी आयाळ संपते तिथे खाजवा, तोंडाला हात नंतर. डावीकडून शिकवलेलं उजवीकडूनही शिकवा. दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. खाऊ तळहातावरून देऊ नका, चावायची सवय लागते, बादलीत टाका.

दहा-पंधरा मिनिटं पुरतात, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. दमट हवेत घोडा लवकर थकतो, आणि थकलेला घोडा शिकत नाही. पावसाळ्यात खूर रोज साफ करायचे असतात, त्यामुळे पाय उचलून देण्याची सवय मेअखेरपर्यंत लागलेली बरी. छत्री, रेनकोट, पत्र्यावरचा पाऊस, शिगम्याचे ढोल यांची ओळख लांबून, हळूहळू करून द्या. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री मात्र नवीन घोडा रस्त्यापासून दूर ठेवा. तेवढा आवाज त्याला शिकवायची घाई आम्हीही करत नाही.

स्वारी कधी सुरू करायची, हे आम्ही तारखेवरून ठरवत नाही. मोहरकी घालू देणं, सैल दोरीवर सोबत चालणं, थांबणं, मागे सरणं, चारही पाय देणं, एवढं जमलं की खोगिराचं बोलू. मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) असेल तर त्यालाही पहिल्या दिवसापासून सोबत आणा. रोज घोड्याला तोच हाताळणार.

घोडा आमच्याकडे आणण्यापूर्वी पशुवैद्यांकडून तपासणी आणि धनुर्वाताची लस करून घ्या. त्याचा नेहमीचा चारा दोन-तीन दिवसांपुरता सोबत द्या, खाणं एकदम बदललं की पोटात दुखू शकतं.