रुळाच्या पोटातली चीर

२५ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ लीहाय व्हॅली रेल्वेची गाडी पुलावर घसरली. डबे खाली कोसळले आणि २९ माणसे मेली. त्यांत अमेरिकी यादवी युद्ध लढलेले म्हातारे सैनिकही होते. रूळ वरून धडधाकट दिसत होता, पण तो आतून चिरलेला निघाला. अशा रुळाच्या तुटलेल्या तोंडावर गुळगुळीत, चकचकीत लंबगोल डाग दिसतो. तिथे चीर आतल्या आत, प्रत्येक चाकाच्या भाराखाली थोडीथोडी वाढत गेलेली असते. रूळ तपासणाऱ्या गँगमनने कितीही डोळ्यांत तेल घालून पाहिले, तरी ती त्याला दिसणे शक्यच नसते.

लोखंडातला दोष चुंबकाने शोधण्याची कल्पना त्याआधीची. १८६८मध्ये इंग्लंडमध्ये सॅक्सबी यांनी तोफांच्या नळ्यांवरून होकायंत्र फिरवून तडे शोधले होते. पण मैलोनमैल पसरलेल्या रुळांसाठी धावत्या गाडीतून चालणारी पद्धत हवी होती. ती जायरोस्कोपसाठी (फिरत्या चाकाच्या जोरावर दिशा धरून ठेवणाऱ्या यंत्रासाठी) नावाजलेल्या एल्मर स्पेरी यांनी दिली. माझ्या मते त्यांचे हे काम जायरोस्कोपइतकेच मोठे आहे.

रुळातून कमी दाबाचा (व्होल्टेजचा), पण प्रचंड विद्युतप्रवाह सोडायचा, हे त्यामागचे तत्त्व. आडवी चीर आली की प्रवाह तिला वळसा घालतो आणि रुळाभोवतीचे चुंबकी क्षेत्र वाकते. गाडीखालचे तारेचे वेटोळे त्या जागेवरून सरकले की त्यात क्षणभर वीज निर्माण होते. आत बसलेल्या माणसासमोर कागदावर पेन उडते आणि रुळावर रंगाचा ठिपका पडतो. मग उतरून ती जागा हाताने पुन्हा तपासायची. १९२८मध्ये ही गाडी ओहायोतल्या वॉबॅश रेल्वेवर धावू लागली. अशा चिरांना पोलादात अडकलेला हायड्रोजन कारणीभूत असतो, हे पुढे उमगले. १९३०च्या दशकात रूळ सावकाश थंड करायची पद्धत आली आणि या चिरा मुळातूनच कमी झाल्या.

कारखान्यात वाट वेगळी निघाली. १९२०च्या दशकात विल्यम होक यांनी ग्राइंडिंग मशीनच्या चुंबकी चकवर, म्हणजे घासायचा तुकडा धरून ठेवणाऱ्या चुंबकी पकडीवर, पाहिले की लोखंडाची बारीक भुकटी तड्यांच्या रेषेवरच गोळा होते. तीच मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट. आपल्या रेल्वे कारखान्यांत चाकांचे आस आजही तिने तपासतात.

तिसरी वाट एडी करंटची. वेटोळ्यातला उलटसुलट प्रवाह धातूला न शिवता त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठवतो. १८७९मध्ये डेव्हिड ह्यूज यांनी त्यावरून धातू ओळखून दाखवले, तर जर्मनीत फ्रीडरिश फोर्स्टर यांनी त्याचे मोजमापाचे शास्त्र घडवले.

हे भोवरे पृष्ठभागाजवळच राहतात. पोलादात वारंवारता वाढवली की ते मिलिमीटरच्या अंशापलीकडे उतरत नाहीत. हा त्यांचा उणेपणा मानला जातो, पण रुळाच्या बाबतीत तोच कामी आला. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधल्या हॅटफिल्डला रुळाचे तुकडेतुकडे होऊन चार जण मेले. त्या चिरा रुळाच्या आतल्या कडेला, पृष्ठभागावरूनच सुरू झालेल्या होत्या. अशा ठिकाणी वरच्या चिरा रूळ तपासायला आत सोडलेल्या अल्ट्रासॉनिक लहरी (कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी) अडवतात आणि खालच्या झाकल्या जातात. एडी करंटला मात्र चिरेच्या भिंतीवरून खाली उतरून पुन्हा वर यावे लागते. या लांबलेल्या वाटेवरून चिरेच्या खोलीचा अंदाज बांधता येतो आणि कडेचे किती पोलाद घासून काढायचे तेही ठरवता येते.